कमी बोलणाऱ्याचा माइक

आमच्या पॉडकास्टचं एडिटिंग मी करते, त्यामुळे चौघांचे आवाज मला आधी वेगवेगळे ऐकावे लागतात. चार माइक, चार ट्रॅक. स्क्रीनवर वकिलाचा ट्रॅक भरगच्च दिसतो, माझा आणि मास्तरीणबाईंचा मध्यम, आणि चौथा जवळजवळ सपाट. मधेच कुठे तरी एखादा लहानसा उंचवटा. तो आमचा बँकवाला. पन्नास मिनिटांच्या भागात तो जेमतेम चार मिनिटं बोलायचा. पहिली दोन वर्षं मला अगदी मनापासून वाटत होतं की हा मैत्रीखातर येऊन बसतो, कार्यक्रम आम्ही तिघं चालवतो.

२०१८ मध्ये सुरुवात केली. जागा राजेंद्रनगरची, मास्तरीणबाईंच्या घराची वरची खोली. वेळ रविवारी सकाळची, कारण वकिलाला तेवढीच सवड. रूळ लांब नाहीत, त्यामुळे महूच्या गाडीची शिटी आली की थांबायचं. कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की थांबायचं. आपल्या इंदुरात ती चुकत नाही. पंखा बंद, भिंतीवर घरातल्या काकूंच्या गोधड्या, आणि मे महिन्यातही दार लावलेलं. पोहे रेकॉर्डिंगनंतरच. शेव तोंडात कुरकुरली की हेडफोनमध्ये ती घर पाडल्यासारखी ऐकू येते.

वर्गणी काढून पहिला माइक घेतला तो कंडेन्सर. दुकानदार म्हणाला, फार बारीक आवाज पकडतो. पकडायचाच, शेजारच्यांच्या कुकरची शिटीसुद्धा. उघड्याबोडक्या खोलीत त्याचा उपयोग नाही हे कळायला पाच भाग गेले. मग फक्त जवळचा आवाज नीट घेणारे डायनॅमिक माइक घेतले आणि तोंडापासून चार बोटांवर ठेवायला लागलो. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलनं उतरतो आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो, म्हणून मागे रेलून बोलणाऱ्याला मी आजही खुणेनं पुढे बोलावते. आणि आपल्या मराठीत फ, भ, ख यांचा श्वास सरळ माइकवर आदळतो. ‘भिया’ (आमच्याकडचं ‘भाऊ’) म्हटलं की ढोल वाजवल्यासारखा धप्प आवाज. माइक ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका धरला की तो जातो. सुरुवात करणाऱ्यांनी आधी एवढं करावं, महागडं काही घेण्याआधी.

पण पहिले चौदा भाग रटाळ झाले, त्याला माइक जबाबदार नव्हते. आम्ही पुण्याची मराठी बोलायचा प्रयत्न करत होतो. लिहून आणायचो, वाचायचो, एकमेकांच्या विनोदाला सभ्यपणे हसायचो. मग एकदा मधेच काकू चहा घेऊन वर आल्या आणि वकील सवयीनं आपल्या घरच्या इंदुरी मराठीत म्हणाला, “काकू, तुम्ही पण बसून जा ना, आम्ही तुमच्यासाठीच थांबून राहिलो आहोत.” काकू खरंच बसल्या आणि म्हणाल्या, “अगोबाई, इतका वेळ मला वाटलं, खाली रेडिओवर बातम्याच चालू आहेत.” बँकवाला असा हसला की आवाज मर्यादेबाहेर जाऊन त्याचा ट्रॅक लाल झाला. तो तुकडा मी तसाच ठेवला. नंतर उज्जैन, देवास, ग्वाल्हेर, बडोदा इथून निरोप आले: आमच्या घरी अगदी असंच बोलतात.

मला ह्याचं फार अप्रूप वाटलं. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. तेव्हापासून कितीतरी घरांत ही मराठी माळवी आणि हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसली आहे. तिला चुकीची मानून आम्ही लपवत होतो, आणि लोकांना ऐकायची होती तीच.

आता ज्याबद्दल लिहायला बसले ते.

तिसऱ्या वर्षी वकिलाचं ठरलेलं लग्न मोडलं. तो स्वतःच म्हणाला, यावर भाग करू. आम्ही केला. मास्तरीणबाई आणि मी अकरा मिनिटं त्याला सोडलं नाही, तो आमच्यापेक्षा मोठ्यानं हसला, आणि घरी जाताना सगळ्यांना वाटलं की आजवरचा सर्वांत चांगला भाग झाला. रात्री मी त्याचा एकट्याचा ट्रॅक लावला. बाकी तिघं बंद. प्रत्येक विनोदानंतर तो आधी श्वास घेत होता, क्षणभर थांबत होता आणि मग हसत होता. खरं हसू असं येत नाही. ते माणसाच्या आधी पळतं. मग बँकवाल्याचा ट्रॅक लावला. त्या अकरा मिनिटांत तो एकदाही हसला नव्हता. त्याच्या बाजूला फक्त खुर्चीचा आवाज, आणि एकदा हळूच, “पाणी घे.”

मी अकरा मिनिटं कापली आणि दुसऱ्या दिवशी वकिलाच्या घरी गेले. काय बोललो ते आमच्यातच राहू दे. पण त्यानंतर नियम झाला: ज्याची गोष्ट, त्यानं कापलेला भाग आधी ऐकायचा, आणि त्यानं ‘नको’ म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

पुढच्या वर्षी बँकवाल्याची बदली जबलपूरला झाली. आम्ही तिघांनी चार भाग केले. विषय चांगले होते, तयारी चांगली होती, आणि ते ऐकताना मला खोली रिकामी वाटायची. बोलणारे तिघं होते, ऐकणारं कोणी नव्हतं. वकील गोष्ट रंगवून सांगायचा ती समोरच्या त्या एका चेहऱ्याकडे बघून, हे त्यालाही माहीत नव्हतं.

मग बँकवाल्याला ऑनलाइन जोडून पाहिलं. गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला माणसं सरासरी सेकंदाचा पाचवा भाग घेतात. दहा भाषांत हे मोजून पाहिलेलं आहे. इंटरनेट तेवढाच उशीर वरून घालतं. त्याचं हसू पोचेपर्यंत वकील पुढच्या वाक्यावर गेलेला असायचा, मग दोघंही थांबायचे, दोघंही “बोल बोल” म्हणायचे. त्यानं तिकडे स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवला, सुरुवातीच्या टाळीवर मी तो जुळवला. फाइल स्वच्छ झाली. गप्पा मात्र जुळल्या नाहीत.

म्हणून आता महिन्यातून एकच भाग. बँकवाला शनिवारी रात्री ओव्हरनाइट एक्सप्रेसनं निघतो आणि रविवारी सकाळी वकील त्याला स्टेशनवरून घेऊन येतो.

कालचीच फाइल समोर उघडी आहे. चौथा ट्रॅक नेहमीसारखा सपाट. एकतिसाव्या मिनिटाला मास्तरीणबाई त्यांच्या आजोळच्या झोपाळ्याची गोष्ट सांगता सांगता अडकल्या, आणि तो म्हणाला, “मग?” पुढची तीन सेकंदं कोणीच काही बोललेलं नाही, लांबून कचरागाडी ऐकू येते आहे, आणि मग त्या जे बोलल्या त्यावर चारही ट्रॅक एकदम लाल.

त्या तीन सेकंदांना मी हात लावलेला नाही. कचरागाडीसुद्धा ठेवली आहे.