तिला विचारलं, त्याला का नाही?

आज ठाण्यात, गोखले रोडवरच्या आमच्या दुकानात एका बाईंनी काउंटरवरच्या मुलीची तक्रार केली, "उलट बोलते." मालकांनी तिला बसवून विचारलं, कॅमेरा बघितला, समज देऊन सोडलं. मागे गठ्ठे लावताना पोरं धुमसत होती. "मुलगी ना! त्याला तर त्याच संध्याकाळी घरी बसवलं." खरंय. दिवाळीत अशीच तक्रार आली तेव्हा आमच्यातल्या त्या पोराला कुणी एक शब्द विचारला नाही, मलाही ते अजून सलतं. पण राग तिच्यावर का? दिवसभर उभं राहून चपलेचा पट्टा तिच्या पायात रुतलेला असतो. कारखान्यांसाठी 1946 च्या स्थायी आदेश कायद्यानेच रीत घातली, आधी आरोप सांगा, म्हणणं ऐका, मग काढा. मालकांना म्हटलं, त्यालाही बोलवा. "बघू," म्हणाले. उद्या परत विचारणार आहे.