दुसऱ्याच्या गरजेचे इंग्रजी

रविवार, रात्र

सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका आज तपासून झाल्या. उद्या प्राचार्यांकडे समाजसहभाग प्रकल्पाचा प्रस्ताव द्यायचा आहे. त्याआधी, आमच्या इंग्रजी विभागातील मुलामुलींनी या वर्षी दृष्टिबाधित उमेदवारांसाठी वाचक आणि लेखनिक (उमेदवार सांगेल ते उत्तर कागदावर लिहिणारा) म्हणून जे काम केले, त्याविषयी मनात साचलेले इथे लिहून काढते आहे, कारण प्रस्तावाच्या ठरावीक रकान्यांत ते मावणार नाही.

नाशिकला आमच्याकडे इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करणारी बहुतेक मुले मराठी माध्यमातून आलेली असतात. कोणी दिंडोरीचे, कोणी पेठचे, कोणी सुरगाण्याच्या आश्रमशाळेतून आलेले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे आमच्या वर्गात येऊन बसेपर्यंत या मुलांनी सलग बारा वर्षे इंग्रजीचा अभ्यास केलेला असतो. व्याकरणाचे नियम त्यांना पाठ असतात आणि काहींचे निबंध खरोखर वाचनीय असतात. परंतु आपण इंग्रजीत काही वाचले नाही किंवा सांगितले नाही म्हणून कोणाचे काम अडले आहे, असा प्रसंग त्यांच्यापैकी जवळजवळ कोणावरही कधी आलेला नसतो. वर्गात उत्तर चुकले तर शिक्षक ते दुरुस्त करतात, बरोबर आले तर गुण मिळतात, आणि दोन्ही वेळी ते वाक्य तिथेच संपते. मुले इंग्रजी बोलायला बिचकतात याचे कारण आपण नेहमी शब्दसंग्रहाच्या तुटवड्यात शोधतो. मला मात्र दिवसेंदिवस असे वाटू लागले आहे की त्यांच्या इंग्रजीची कोणाला गरजच पडलेली नाही, हे त्याहून मोठे कारण आहे.

समाजसेवा या मुलांना नवी नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि आज ती प्रत्येक महाविद्यालयाच्या अंगवळणी पडली आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, हा तिचा नेम आमची मुले मनापासून पाळतात. शिबिरात ती बंधारे बांधतात, झाडे लावतात, गावात सर्वेक्षण करतात. त्या श्रमांचे मोल मला कमी लेखायचे नाही. फक्त इतकेच जाणवत राही की, ज्या विषयात ही मुले पदवी घेणार आहेत तो विषय त्या सात दिवसांत पिशवीतच राहतो.

शहरात बँकांच्या आणि इतर भरती परीक्षांची तयारी करणारे काही दृष्टिबाधित पदवीधर एकत्र अभ्यास करतात. त्यांना छापील पुस्तके वाचून दाखवायला, त्यांचे ध्वनिमुद्रण करून द्यायला आणि सराव चाचण्यांना लेखनिक म्हणून बसायला माणसे हवी होती. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कायद्याची काळजी करण्याचे कारण नव्हते. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची सुलभ स्वरूपातील प्रत करायला मुभा दिलेली आहे. पुढे २०१३ साली माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. ही माहिती मी मुलांना पहिल्याच बैठकीत सांगितली, कारण आपण कोणावर उपकार करायला निघालो आहोत असे त्यांना वाटू नये, आणि समोरच्या माणसाचा तो हक्क आहे हे आधीच स्पष्ट व्हावे, अशी माझी इच्छा होती. लेखनिकाच्या बाबतीतही तसेच. केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावा आणि उमेदवाराला दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक वेळ मिळावा, असे ठरले. पदवीधराच्या परीक्षेला पदवीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी लेखनिक म्हणून चालत आला तो या नियमामुळे, आणि आमच्या मुलांचा उपयोग होऊ शकला तोही त्यामुळेच.

सुरुवातीला काही मुलांनी आपल्याला आवडतील अशा इंग्रजी कथा वाचून दाखवण्याची तयारी केली होती. ऐकणाऱ्यांना हवे होते ते वेगळेच: राज्यघटनेवरील प्रकरणे, अर्थसंकल्पाचे विश्लेषण, रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाविषयीची टिपणे. मुले थोडी हिरमुसली. पण काय वाचायचे हे ऐकणाऱ्याने ठरवायचे, ही या कामाची पहिली अट आहे आणि तिच्यात सवलत देऊ नये असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्याची गरज आपल्या सरावाच्या सोयीने कापून घेतली की सेवा राहत नाही आणि शिकणेही राहत नाही. ती अट पाळल्यामुळे झाले असे की कविता आणि कादंबरीपलीकडचे इंग्रजी ज्यांनी पाहिलेच नव्हते, त्या मुलांना रेपो दर म्हणजे काय हे आधी स्वतः समजून घ्यावे लागले. न समजलेले वाक्य वाचताना आवाज नको तिथे तुटतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळते. डोळ्यांनी वाचणारा अडखळला तर मागच्या ओळीवर जाऊ शकतो, ऐकणाऱ्याला मात्र वाचणाऱ्याने जिथे थांबवले तिथेच थांबावे लागते. पूर्णविराम, स्वल्पविराम आणि कंस हे सगळे आवाजातून पोहोचवायचे असते. विरामचिन्हांवर मी वर्गात कितीतरी तास खर्च केले आहेत, पण त्यांची इतकी जाण मुलांना मी कधी आणून देऊ शकले नव्हते.

एका सराव चाचणीच्या वेळी मी खोलीत मागे बसले होते. प्रश्नपत्रिकेच्या इंग्रजी भागात वाक्यातील चूक शोधण्याचा प्रश्न असतो. वाक्य होते, 'वन ऑफ द बॉइज हॅव लेफ्ट हिज बॅग इन द बस.' वाचणारी मुलगी आमच्या दुसऱ्या वर्षातील सर्वांत हुशार विद्यार्थिनींपैकी एक आहे, आणि तिने ते अगदी सहज 'हॅज' असे वाचले. उमेदवार दादांनी क्षणभर विचार करून 'चूक नाही' हा पर्याय सांगितला. चाचणी संपल्यावर उत्तरे पडताळताना हा प्रकार उघड झाला, तेव्हा ती मुलगी किती वेळ त्या वाक्याकडे पाहत होती! तिच्या चांगल्या इंग्रजीनेच छापील चूक वाचता वाचता दुरुस्त करून टाकली होती. दादा तिला शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्हाला येतंय ते मला नको, कागदावर आहे ते हवं." त्यानंतर ती दर वाक्य बोट ठेवून, शब्द शब्द सुटा वाचू लागली. पर्याय वाचताना बरोबर वाटणाऱ्या पर्यायावर आपला आवाज नकळत जड होतो, हेही तिच्याच लक्षात आले. तो सारखा ठेवण्याचा सराव तिने घरी भावाला समोर बसवून केला. परीक्षेत असा सूचक आवाज म्हणजे सरळ गैरप्रकार ठरेल, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

वाक्यांचा क्रम लावण्याचा प्रश्न तर याहून अवघड. पाच-सहा विस्कळीत वाक्ये एकदा ऐकून उमेदवाराला ती डोक्यात धरून ठेवावी लागतात आणि त्यांची जुळणी मनातच करावी लागते. आमच्या मुलांपैकी एकाने हा प्रश्न डोळे मिटून, दुसऱ्याकडून ऐकून सोडवून पाहिला आणि त्याला तो सुटला नाही. त्या दिवसापासून त्याच्या वाचनाचा वेग बदलला.

या कामात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे की, ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचे इंग्रजी आमच्या मुलांपेक्षा चांगले निघाले. ही मंडळी वर्षानुवर्षे स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, इंग्रजी ऐकत आली आहेत. एनव्हीडीए हे असेच एक मोफत सॉफ्टवेअर बरेच जण वापरतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने ते २००६ साली लिहायला घेतले होते. त्याच्या आवाजाचा वेग ही मंडळी इतका वाढवून ठेवतात की सवय नसलेल्या कानाला त्यातील एक शब्दही उमगत नाही. अशा कानांना आमच्या मुलांचे गिळलेले अनेकवचन किंवा सुटलेले 'द' ताबडतोब खटकते, आणि ते तसे सांगतात, कारण त्यावर त्यांचे उत्तर अवलंबून असते. त्या सांगण्यात मास्तरकी नसते, म्हणून ते मुलांना लागतही नाही. सुरगाण्याकडची एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. इथे मात्र ती एका ताईंना अर्थशास्त्राच्या पुस्तकातील आलेख इंग्रजीत समजावून सांगताना दिसली: आडव्या अक्षावर काय आहे, उभ्यावर काय आहे, रेषा कुठे चढते आणि कुठे सपाट होते. ताई मध्येच विचारत होत्या, "चढते म्हणजे किती? एकदम की हळूहळू?" आणि ती नेमके क्रियाविशेषण शोधत होती. आलेखावरून परिच्छेद लिहा, हा प्रश्न तिने शाळेपासून अनेकदा सोडवला असेल. पण तो आलेख आधीच समोर दिसत असलेल्या परीक्षकासाठी होता.

काही गोष्टी नीट बसलेल्या नाहीत, त्याही नोंदवून ठेवते. परीक्षेच्या तोंडावर आपल्याच मुलांची सत्रे, प्रात्यक्षिके आणि गावाकडची कामे येतात, आणि लेखनिक ऐनवेळी आला नाही तर समोरच्या माणसाचे वर्ष वाया जाते. म्हणून प्रत्येक उमेदवारामागे एक राखीव लेखनिक असलाच पाहिजे आणि त्याचीही उमेदवाराबरोबर आधी तालीम झालेली असली पाहिजे. ध्वनिमुद्रणे तपासण्याचे कामही कोणीतरी नेमून घ्यायला हवे. पंख्याचा आवाज आणि रस्त्यावरचे भोंगे भरलेली फीत ऐकणे हा त्रास आहे. छायाचित्रांच्या बाबतीत तर मी कडक राहणार आहे. वाचन चालू असताना फलक धरून फोटो काढण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी आधी ज्यांचा फोटो काढायचा त्यांची परवानगी विचारावी, कारण आपला फोटो निघतो आहे हे त्यांना दिसत नाही.

श्रेयांकांविषयी (क्रेडिटविषयी) विभागात मतभेद आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार समाजसहभागाच्या कामाला सत्रभर आठवड्याला दोन तास, म्हणजे साधारण ३० तासांना एक श्रेयांक धरता येतो. माझ्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की गुण आले की सेवाभाव जातो. मला ते पटत नाही. शहरात खोली घेऊन राहणारी, सकाळी दुकानात काम करून महाविद्यालयात येणारी मुले आमच्याकडे आहेत. त्यांचा वेळ फुकटचा समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि श्रेयांक नसेल तर असे काम फक्त घरची सोय असलेल्या मुलांनाच परवडेल. मात्र तासांची नोंद शिक्षकाने करू नये. काय वाचले, किती समजले आणि कुठे पुन्हा वाचावे लागले, याची टिपणी ऐकणाऱ्याने आपल्या आवाजात मुद्रित करून द्यावी आणि मूल्यमापनात निम्मे वजन तिला असावे, असे मी प्रस्तावात लिहिणार आहे. परीक्षा विभाग ध्वनिमुद्रित टिपणी पुरावा म्हणून स्वीकारील का, हे उद्या प्राचार्यांना विचारायचे आहे. नाही म्हणाले तर ती ब्रेलमध्ये घेऊन सोबत मराठी लिप्यंतर जोडण्याचा पर्याय ठेवते.