कळंबा ते पंचगंगा: जयंतीच्या काठच्या 'मोकळ्या' जागा

'जागा मोकळी आहे, उद्यानाचं आरक्षण आहे, फक्त झाडं लावायची' असं कुणी सांगितलं म्हणून कोल्हापूर शहरातून पंचगंगेकडे वाहणाऱ्या जयंती नाल्याच्या काठाला उतरू नका. आम्ही त्याच भरवशावर उतरलो आणि तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. मोकळ्या जागेवर राडारोड्याचा भराव आहे. उद्यानाच्या आरक्षणात फरसबंदी, खेळणी, दिवे सगळं बसतं, आणि आपोआप वाढलेली निर्गुडी 'साफसफाई'त निघून जाते. झाडं लावणं तर सगळ्यात शेवटचं काम आहे.

कळंबा तलावाकडचा टप्पा सोपा आहे. पाहून पुढे निघा.

रामानंदनगरपासून हुतात्मा पार्कच्या बाजूला येताना काठ बिघडतो. वरून सपाट मैदान दिसतं, कडेला गेलं की विटा, काँक्रीटचे तुकडे आणि वाकलेल्या सळया. भरावाची कड उभी आणि भुसभुशीत असते, ती माणसासकट खाली येते. कडेपासून सहा फूट आतून चाला. जाड तळाचे गमबूट आणि काठी हवीच. पावसाळ्यात हा टप्पा करू नका. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम, कारण गवत वाळलेलं असतं आणि नाल्यात उघडणारे सांडपाण्याचे पाइप मोजता येतात.

तरीही सगळा वेळ इथंच द्यावा, कारण जागा वाचेल की जाईल ते या भरावावर ठरतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नदी चढली की पाणी उलटं जयंतीत शिरतं. २०१९ आणि २०२१ मध्ये शाहूपुरी पाण्यात होती. काठावर पडणारी प्रत्येक ट्रॉली त्या पाण्याची जागा खाते.

भराव ओळखायला एक फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी घड्याळ लावा. तासाला एक इंचाहून कमी जिरलं तर तिथं खड्डा काढून रोप लावू नका. तो खड्डा कुंडीसारखा वागतो: मुळं आतच गोल फिरतात, पावसाळ्यात कुजतात, आणि झाड वाढलंच तर पहिल्या पुरात आडवं होतं. सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, पानं पिवळी पडतात. त्यावर खत टाकून उपयोग नाही. भराव उचलायलाच हवा, मूळची काळी माती लागेपर्यंत.

इथंच लुबाडणूक होते. 'भराव कशाला काढता, वर तांबडी माती ओता' असा सल्ला देणारा आणि माती विकणारा बहुतेकदा एकच असतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आमच्याकडे 'एक ब्रास' म्हणून आलेल्या ट्रॉलीला टेप लावली: ९ फूट लांब, ५ रुंद, दीड खोल. म्हणजे साडेसदुसष्ट घनफूट, पैसे शंभराचे. वर मातीत गाजरगवताचं बी. ट्रॉली रिकामी होण्याआधी मोजा, नंतर ढिगाऱ्यावर भांडण होतं आणि ते जिंकता येत नाही. आमचं स्पष्ट मत: निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आत बाहेरची माती आणूच नका. तोही भरावच.

ट्रॉल्या थांबवायला जाळीचं कुंपण नको. पुरात जाळीला प्लॅस्टिक आणि जलपर्णी अडकते, भिंत तयार होते आणि खांबांसकट झोपते. रस्त्याच्या बाजूने दगडी किंवा सिमेंटचे खांब चार-चार फुटांवर, दोन फूट जमिनीत पुरून लावा. ट्रॅक्टर-ट्रॉली, टेम्पो आत येत नाही, माणूस आणि पाणी जातं. रात्रीची राखण शेजारच्या तालमीकडे सोपवा. तिथली पोरं जागी असतात आणि गाडी ओळखतात.

रोपं लावण्याआधी जागा बळकावणारी झुडपं काढा. घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते. फळं धरण्याआधी कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली दोन इंचांवर तोडा आणि झुडूप तिथंच उलटं टाका. सुबाभूळ बोटाएवढी असताना ओल्या मातीतून उपटा. बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून दर पावसाळ्यात फेरी मारावी लागते.

पाण्यालगत वाळुंज, उंबर, करंज, अर्जुन आणि वाळा. वरच्या अंगाला बाभूळ, हिवर, बोर. गुलमोहर, रेन ट्री नको. दहा फुटांवर रोप धरलं तर एकरी साधारण ४३५ रोपं होतात. आठवड्याला रोपामागे दहा लिटर म्हणजे एकराला पाच हजार लिटरचा एक टँकर. पहिल्या उन्हाळ्यात दर आठवड्याला, दुसऱ्यात पंधरवड्याला. एवढ्या पाण्याची सोय नसेल तर निम्मी रोपं लावा. दाट लावून मे महिन्यात वाळवू नका.

कागद आधी काढायला हवे होते, आम्ही चालून दमल्यावर काढले. जागेवर कसलं आरक्षण आहे ते सांगणारा विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला महापालिकेतून, मालक कोण ते सांगणारी मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून. जागा खासगी असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम १२७ वाचा: आराखडा अंमलात येऊन दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण जातं. अशा जागेवर एक रोपही लावू नका, आधी नोटिशीची तारीख शोधा.

महापालिकेच्याच जागेसाठी जैवविविधता अधिनियम २००२ चं कलम ३७ धरा. राज्य सरकार स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून जैवविविधता वारसा स्थळ घोषित करू शकतं. पुण्याचं गणेशखिंड उद्यान आणि जळगावची लांडोरखोरी याच वाटेने वाचली. त्यासाठी जागेतली झाडं, गवतं, पक्षी, मासे महापालिकेच्या जैवविविधता समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढलेले हवेत. पन्नास वर्षांहून जुनी झाडं वारसा वृक्ष म्हणून वेगळी नोंदवा.

लक्ष्मीपुरीच्या खाली काठावर उतरू नका, दोन्हीकडे भिंती आणि इमारती आहेत. पुलांवरून पाहा. संरक्षणासाठी तिथं जागा उरलेली नाही. जी आहे ती वर, रामानंदनगरकडे, आणि या पावसाळ्याआधी तिथल्या वाटा खांबांनी बंद करायला हव्यात.