पाच पायऱ्यांच्या सात झाल्या

२७ वर्षं शिवणकाम करते आहे. समोर माणूस उभा राहिला की टेप गळ्यातून काढण्याआधीच मला त्याचं माप कळलेलं असतं, आणि या गोष्टीचा मला जरा गर्वच आहे. त्यामुळे घरामागच्या उतारावर लाकडी डेक करायचं ठरलं आणि सुतारदादांनी “उतार किती धरायचा?” असं विचारलं, तेव्हा मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, “फूटभर. फार तर सव्वा.”

ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. “ताई, नळी आणतो,” एवढंच बोलले.

नळी म्हणजे साधी पारदर्शक प्लॅस्टिकची. तिच्यात पाणी भरलं, बोटाने टिचक्या मारून एकेक बुडबुडा वर घालवला (एक जरी राहिला तरी नळी खोटं बोलते), एक टोक वरच्या खुंटीला धरलं, दुसरं खालच्या. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं, मधली जमीन कशीही असो. खालच्या खुंटीवर खूण केली, तिथून जमिनीपर्यंत मोजलं. १० फुटांत २८ इंच.

माझ्या अंदाजाच्या दुप्पट. का चुकलं ते दुसऱ्या दिवशी चहा घेताना लक्षात आलं. आमचं कुंपण उताराबरोबरच खाली उतरत जातं, वाफेही तसेच. रोज बघून बघून डोळ्याने कुंपणालाच आडवी रेघ मानून टाकलं होतं.

दुसरी चूक तर शिवणाऱ्या बाईने करूच नये अशी. डेक १२ बाय १० फुटांचा करायचा होता. मी टेप जमिनीवर अंथरून उताराच्या दिशेने १० फूट मोजले आणि खुंटी ठोकली. दादांनी दोरी पाणसळीत आडवी ताणली, ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सरळ खाली सोडला आणि माप तीन इंचांनी कमी भरलं. तिरक्या रेषेवर मोजलेलं माप आडव्यात कमीच पडणार. तिरप्या कापडाचा हिशेब मला कोणी शिकवायला नको, पण तो मातीलाही लागू असतो हे सुचलंच नाही. पुढे काटकोनाला मात्र मी त्रास दिला नाही: एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४, तिरकं ५ भरलं की गुण्यात आलं. शेवटी दोन्ही कर्ण मोजून पाहिले, सारखे निघाले.

हा डेक कशासाठी, ते सांगायचं राहिलं. सासूबाईंना बागेत बसायला आवडतं, आणि उतारावर खुर्ची ठेवली की तिचे पुढचे पाय मातीत रुततात. त्या खुर्चीत बसत नाहीत, खुर्चीला धरून असतात.

आता खड्डे. वरच्या बाजूला तीन, खालच्या बाजूला तीन, प्रत्येकी दोन फूट खोल. खालच्या कोपऱ्यातला खड्डा खणताना विटांचे तुकडे निघाले, मग एक गंजकी पत्र्याची पट्टी, मग रबरी चप्पल. दादा त्या दिवशी आले नव्हते, मी आणि हे दोघंच खणत होतो. माझ्या मनात आलंच की जमिनीत चप्पल उगवत नाही, म्हणजे ही माती कोणीतरी आणून टाकलेली आहे. पण दोन फूट झाले होते, कंबर मोडली होती. मी चप्पल बादलीत टाकली आणि गप्प बसले.

पंधरा दिवसांनी, खांब उभे राहिल्यावर, दोन रात्री सलग पाऊस झाला. सकाळी दोरी लावली तर त्या कोपऱ्यातला खांब बोटभर खाली बसलेला. फळ्या अजून ठोकल्या नव्हत्या, हे नशीब.

झालं होतं असं की घर बांधताना पाया खणून निघालेली माती खालच्या अंगाला ढकलून दिलेली होती. उताराच्या जागेवर सपाटी वाढवायला बहुतेक ठिकाणी हेच करतात. भराव वरून घट्ट वाटतो, पाणी मुरलं की बसतो. खांबाच्या पायाचा खड्डा मूळ जमिनीपर्यंत जायला हवा. दादांनी पहार आणली आणि खड्ड्यात मारून दाखवली. भरावात ती ‘भस्’ करून शिरते, मूळ मुरमाला लागली की टणकन वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात. टणकन वाजायला आम्हाला साडेचार फुटांपर्यंत जावं लागलं. तळ रुंद केला, एकास दीड-तीनचं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरलं, सात दिवस पाणी मारलं. बाकीचे दोन खालचे खड्डेही उकरून पाहिले. मधल्यातही भराव निघाला. चपलेबद्दल मी दादांना अजून सांगितलेलं नाही.

खांब मातीत गाडले नाहीत. काँक्रीटवर लोखंडी बूट बसवून त्यात उभे केले, म्हणजे लाकडाचा पाय ओलाव्यापासून वर राहतो. लाकूड कुजतं ते बहुतेक मातीच्या तोंडाशीच. पुढचे खांब उंच असल्यामुळे त्यांना तिरके आधार दिले, नाहीतर माणूस चालला की सगळं डुलतं.

पण माझी खरी झोप उडवली ती पायऱ्यांनी.

डेक वरच्या बाजूला जमिनीपासून सात इंच ठेवला, म्हणजे दारातून एक पायरी. पुढच्या कडेला सात अधिक २८, एकूण ३५ इंच. सात इंचांची एक चढण धरली तर पाच. कागदावर पाच पायऱ्या काढून मी खूश. दादांनी पेन घेतलं. पाच चढणी म्हणजे मध्ये पाय ठेवायच्या चार पाट्या, ११ इंचांची एक, म्हणून जिना ४४ इंच पुढे जाणार. तेवढ्यात जमीन आणखी दहा इंच खाली गेलेली असणार. मग पायऱ्या वाढवा. वाढवल्या की जिना अजून पुढे, जमीन अजून खाली. जमीन पळतेय आणि जिना मागे लागलाय. हा पाठलाग संपला सातव्या चढणीवर, तोही चढण सव्वासात इंचांची केल्यावर. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी बांधलेल्या डेकला सात पायऱ्या!

उपाय फार सोपा होता. जिना उताराच्या दिशेने सोडायचाच नाही. डेकच्या बाजूच्या कडेवरून, पुढच्या कोपऱ्यापाशी, आडवा उतरवायचा. त्या रेषेत जमीन सपाट असल्यासारखीच असते, त्यामुळे पाचच्या पाच राहिल्या. पाचही अगदी सारख्या उंचीच्या करून घेतल्या, कारण एखादी अर्ध्या इंचाने वेगळी असली तरी पाय तिथेच अडखळतो.

वरच्या बाजूला कड्यांचं, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या लाकडांचं, पोट मातीला टेकत होतं, म्हणून तिथली माती छिलून चर काढला आणि खडी भरली. उतारावरून वाहून येणारं पाणी आता त्या चरातून बाजूला जातं. कठड्याच्या गजांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर ठेवलं, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. फळ्या दोन दिवसांत ठोकून झाल्या. खालचं काम पाच आठवडे चाललं होतं. डेक बघायला येणारे मात्र फळ्यांवरून हात फिरवून “वा, काय काम झालंय” म्हणतात. खाली वाकून कोणी बघत नाही.

सासूबाई आता संध्याकाळी खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात. मी शेजारी हातशिलाई घेऊन बसते. फळ्यांमध्ये पाच मिलिमीटरची फट आहे, पाणी खाली जायला. सुयाही जातात. परवा शिवताना बोटात घालायची अंगुस्तानी घरंगळत कडेला गेली आणि खाली पडली, म्हणून मी पुढच्या बाजूने डेकखाली रांगत शिरले. अंगुस्तानी सापडली. आत होतेच, तर त्या कोपऱ्यातल्या खांबावरची पेन्सिलची खूण दोरी लावून पाहिली. जागची हललेली नाही. तीन सुया अजून खडीत आहेत.