बाळ कमी हलतंय, सकाळपर्यंत थांबू का?

आम्हाला वारंवार विचारलं जातं: रात्री पोटातल्या बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो, नाही. त्याच रात्री निघा.

वारेतून पुरेसा प्राणवायू मिळेनासा झाला की बाळ ताकद राखायला हालचाल कमी करतं. ठोके बऱ्याचदा त्यानंतर बिघडतात. बाळ वाचवता येतं ते या मधल्या वेळात, आणि तोच वेळ गार पाणी पिऊन, गोड खाऊन वाट पाहण्यात जातो. बाळ एका वेळी साधारण 20 ते 40 मिनिटं झोपतं, 90 मिनिटांच्या पुढे क्वचितच. 28 आठवड्यांनंतर नुसती शंका असेल, तर डाव्या कुशीवर पडून दोन तास फक्त हालचालीकडे लक्ष द्या. दहा भरल्या नाहीत तर निघा. दहा भरल्या, पण रोजच्यासारखं वाटत नाही, तरीही निघा. नवव्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, हा समज चुकीचा आहे. हलण्याची तऱ्हा बदलते, हलणं घटत नाही.

घरी ठोके ऐकायच्या यंत्रावर विसंबू नका. त्यात आईचीच नाडी ऐकू येऊ शकते; आणि ठोके बाळाचेच असले, तरी ते या क्षणी जिवंत आहे एवढंच कळतं.

दवाखान्यानेही नुसते ठोके ऐकून घरी पाठवू नये. किमान 20 मिनिटांचा ठोक्यांचा आलेख काढावा, पोटाची उंची टेपने मोजून आधीच्या नोंदींशी ताडून पाहावी. वाढ मंदावलेली दिसली, आईला रक्तदाब किंवा मधुमेह असला, तर सोनोग्राफी हवीच. हीच तक्रार घेऊन दुसऱ्यांदा आलेली बाई घाबरट नसते. तिच्या बाळाला धोका जास्त असतो, म्हणून तिचीही सोनोग्राफी व्हावी.

एवढं करूनही काही बाळं जातात. तेव्हा आडवळणं नकोत: ‘बाळाचं हृदय थांबलं आहे, बाळ गेलं आहे’ असं जोडीदाराच्या समोर सांगावं. आई कूस बदलते तेव्हा बाळ हलल्यासारखं वाटू शकतं, हेही तेव्हाच सांगावं, नाहीतर ती आशा फार छळते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब किंवा पाणी गेलेलं नसेल, तर कळा आणण्याची घाई सहसा नसते; विचार करायला वेळ द्यावा. खोली नवजात बाळांच्या रडण्यापासून दूर असावी. बाळाला घ्यायचं का, फोटो, पावलांचे ठसे हवेत का, हे विचारावं, लादू नये. आधी नको म्हटलं तरी नंतर पुन्हा विचारावं. वार तपासणीला जायलाच हवी, कारण सापडण्याची शक्यता तिथे बरीच असते. दोन-तीन दिवसांत दूध उतरतं, याची कल्पना आधी द्यावी. ते थांबवायचं औषध आहे, पण रक्तदाब वाढलेला असेल तर चालत नाही. आणि तिच्या कागदांवर ठळक नोंद हवी, म्हणजे बाळाच्या लसीची आठवण करून देणारा फोन तिला जाणार नाही.