दिवसातून तीन वेळा

चिठ्ठीवर 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर' एवढे लिहून डॉक्टर मोकळे होतात. ते रुग्णाच्या दिवसात बसवण्याचे काम दवाखान्याच्या औषधखिडकीत बसणाऱ्या फार्मासिस्टकडे येते. आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात केळी कापायला किंवा कापूस वेचायला पहाटे नुसता चहा घेऊन घराबाहेर पडणारा माणूस दोनदाच जेवतो, त्यामुळे जेवणाला बांधलेली तिसरी गोळी पाकिटातच राहते. "भाऊ, हाई गोयी कव्हय लेवानी?" असे दोनदा विचारणारी मावशी म्हणूनच मला परवडते, धास्ती वाटते ती नुसती मान डोलावून पिशवी उचलणाऱ्याची. मावशीला मी घड्याळ सांगत नाही. निघताना भाकरीचे चार घास खाऊन एक, दुपारी शिदोरी सोडल्यावर एक आणि रात्री जेवण झाल्यावर एक, असे सांगितले की पुढचे ती जुळवते.

चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे 1948 चा फार्मसी कायदा सांगतो. अनुसूची एच-1 मधल्या औषधांची, म्हणजे काही प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे वगैरेंची, वेगळी नोंदवही ठेवून ती 3 वर्षे जपावी लागते. बाजाराच्या दिवशी खिडकीवर झुंबड उडालेली असताना ही नोंद करणे जिवावर येते, आणि त्यातच कोणीतरी चिठ्ठीशिवाय 'मागच्या वेळची ती लाल-काळी गोळी' मागत उभा असतो. नाही म्हटले की तो रागावतो, आणि 'हा कंपाउंडर फार शहाणा आहे' हे शेरेवजा वाक्य मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात बोलतो.

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला की इन्सुलिनची काळजी सुरू होते. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते आणि घरी फ्रीज नसतो, किंवा असला तरी वीज नसते. मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे आणि त्यात बाटली कोरडी ठेवावी, असे मी सांगतो. तेवढ्याने फ्रीजचा गारवा येत नाही, पण वापरात असलेल्या बाटलीचे उन्हापासून रक्षण होते. याउलट, जास्त गार राहावी म्हणून कौतुकाने बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली बाटली गोठते आणि ती टाकूनच द्यावी लागते.

या कामाचे समाधान मात्र अचानक हाती लागते. दम्याचे एक बाबा अनेक महिने औषध नेत होते, तरी धाप कमी होत नव्हती आणि डोस वाढवण्याचे घाटत होते. "बाबा, कसे घेता ते एकदा दाखवा बरे," असे म्हटल्यावर त्यांनी यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल सरळ जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला मागितला. मी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा डोस वाढवण्याचा विचार मागे पडला. आता बाबा यंत्र पिशवीतून स्वतः काढतात, कॅप्सूल त्यात बसवतात आणि बाकावरच्या इतरांना ऐकू जाईल अशा तोऱ्यात श्वास ओढून दाखवतात. नंतर चूळ भरायला मात्र ते अजून विसरतात, आणि स्टिरॉइड असल्यामुळे तोंड येऊ शकते, हे मला दर वेळी नव्याने सांगावे लागते.