बॅक मारतंय का बघ

सेकंड हँड गाडी बघायला मेकॅनिकला सोबत नेलं की तो एक गोष्ट हमखास करतो, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतो आणि त्या भोकावर तळहात धरतो, आतला गॅस उलटा बाहेर येतोय का ते बघायला, यालाच बॅक मारणं म्हणतात. मग मान हलवून म्हणतो, बॅक मारतंय, नको घेऊ. झाला निकाल, आरसी बुक कोणी उघडतसुद्धा नाही.

थोडंफार बॅक मात्र प्रत्येक इंजिन मारतं, अगदी शोरूममधून आलेलंसुद्धा. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला गॅस थोडा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीत, उतरतोच, तिथे त्याची ऑइलच्या वाफेशी गाठ पडते आणि मग हे सगळं बाहेर काढायचं कुठून हा प्रश्न. जुन्या गाड्यांना सरळ एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, गाडी पळाली की वाऱ्याने आपोआप ओढ बसायची. मग कॅलिफोर्नियात धुरक्याने लोक हैराण झाले आणि १९६१ च्या मॉडेलपासून तिथल्या गाड्यांना पीसीव्ही व्हॉल्व्ह आला, म्हणजे ही वाफ इनटेकमध्ये, इंजिनात हवा जाते त्या वाटेत, परत ओढायची आणि जाळून टाकायची. फुकटची ओढ, फुकटची सफाई.

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आला आणि ही फुकटची सोय अर्धी गेली. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हा दाब, चढला की इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतोच, उलट प्रेशर असतं, त्यामुळे व्हॉल्व्ह बंद होतो, आणि नेमकं तेव्हाच रिंगांवरून सगळ्यात जास्त गॅस खाली येत असतो. उरते ती टर्बोच्या आधीच्या पाइपात जाणारी दुसरी नळी, तिथली ओढ बेताची, आणि तिथून गेलेलं ऑइल इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत, जाऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे टर्बोचं स्वतःचं ऑइल नुसतं उतारावरून खाली ऑइलच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, येतं, खाली प्रेशर असेल तर ते येणार कसं? मग ते सीलवरून बाहेर पडतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि बिचाऱ्या टर्बोला शिव्या बसतात.

म्हणून माझ्या एका मित्राच्या डोक्यात सध्या क्रँककेसमधला गॅस ओढून काढणारा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप शिरलाय. गाडीचा बूस्ट वाढवून झालाय, आता ऑइल मोजायची डिपस्टिक आतल्या प्रेशरने वर उचलली जाते म्हणतो. कल्पना वाईट नाहीये हो. स्वयंपाकघरात नुसत्या खिडकीवर भागत नसेल तर आपण एक्झॉस्ट फॅन लावतोच की. ड्रॅग रेसिंगवाले कित्येक वर्षं बेल्टवर चालणारा पंप लावतात, क्रँककेसमध्ये व्हॅक्यूम असला की रिंगा नीट बसतात, ऑइल कमी उडतं, चार घोडे जास्त मिळतात. इलेक्ट्रिकचा फायदा एवढाच की बेल्ट-पुलीची जुळवाजुळव नाही, बूस्टच्या स्विचवर रिले लावला की झालं.

पण हा जो पंप स्वस्तात मिळतो ना तो मुळात ब्रेक बूस्टरसाठी, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्यासाठी, बनवलेला, एक छोटा बंद डबा रिकामा करायचा आणि थांबायचं, एवढंच त्याचं काम. इथे वरून गॅस येतच राहतो, डबा कधी रिकामा होतच नाही, आणि त्यात तेलकट चिकटा, त्याच्या आतल्या पात्यांना तो सवयीचा नाही. आधी चांगला कॅच कॅन, म्हणजे वाटेतच ऑइल अडवणारा डबा, लावल्याशिवाय तो पंप किती टिकेल देव जाणे. आणि खरंच ताकदीचा पंप आणलात तर दुसरं टोक, ओढ फार झाली की पिस्टन पिनला मिळणारं उडतं ऑइल कमी पडतं, आणि क्रँकचे सील आतलं ऑइल अडवायला बनवलेले असतात, ते बाहेरची धूळ आत घेऊ लागतात. म्हणजे ओढ मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह आलाच. वर पंपाने ओढलेलं सोडायचं कुठे? हवेत सोडायचं तर पेट्रोल गाड्यांना परवानगीच नाही, आणि सिग्नलला उभं राहिलं की गाडीत जळक्या ऑइलचा वास भरतो तो वेगळाच.

माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला जाड नळ्या, धड व्हॉल्व्ह आणि कॅच कॅन एवढं पुरतं. आणि डिपस्टिक उडत असेल तर आधी लीकडाऊन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघायची तपासणी, करा, रिंगाच गेल्या असतील तर पंप काय करणार. हे सगळं मित्राला नीट समजावून सांगितलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, अरे पण तो पंप बॅटरीच्या बाजूला बसेल ना?